एक माहिती, एक स्थान

२३ जानेवारी, गुरुवार

आज संध्याकाळी सोसायटीच्या कार्यकारिणीने नव्या रहिवाशांसाठी मार्गदर्शिका काढण्याचा ठराव संमत केला आणि संपादक म्हणून माझी निवड केली. निवड एकमताने झाली. दुसरे कोणीही या कामाला तयार नव्हते, असाही तिचा अर्थ लावता येईल. परंतु इतिवृत्तात 'एकमताने' एवढेच लिहिले जाणार आहे आणि मला ते पुरेसे आहे.

योजना अशी. नव्या इमारतीत कुटुंबे राहायला येऊ लागली आहेत. पाणी कधी, कचरा कुठे, लिफ्ट मध्येच का थांबते, असे विचारून त्यांनी पहारेकऱ्याला भंडावून सोडले आहे. म्हणून ज्याला जे ठाऊक आहे त्याने ते सामायिक फाइलमध्ये लिहावे आणि प्रकरणे मी लावावीत. अध्यक्षा, म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या केमिस्टबाई, म्हणाल्या, "लिहू आम्ही सगळे, पण शिस्त तुम्ही लावा. तुमच्या घरात म्हणे मोजेसुद्धा रांगेत असतात." सभेत हशा पिकला. ही माहिती बाहेर कशी गेली याची घरी चौकशी केली. सौ. म्हणाली, "दोरीवर दिसतात हो खालून. सगळ्यांना दिसतात."

माझी थोरली बहीण, ताई, येत्या एक तारखेला नव्या इमारतीत भाड्याने राहायला येत आहे. मेहुण्यांना जाऊन वर्ष झाले. भाच्याचा आग्रह आहे की तिने त्याच्या गावी, त्याच्या घरी यावे. ताईने तडजोड म्हणून इथे महिनाभर राहून पाहायचे कबूल केले आहे. मार्चच्या पहिल्या रविवारी भाचा गाडी घेऊन येईल आणि तेव्हा काय ते ठरेल. मार्गदर्शिकेच्या ठरावाशी तिच्या येण्याचा संबंध नाही. ठराव मी मांडला हे खरे. पण तो केव्हातरी, कोणीतरी मांडायलाच हवा होता.

संपादनाची तत्त्वे निश्चित केली. पहिले: एक माहिती, एक स्थान. दुसरे: ही मार्गदर्शिका ज्याच्या हाती आहे, त्याच्यावर कोणाचेही दार ठोठावण्याची वेळ येऊ नये.

२७ जानेवारी, सोमवार

प्रकरणे येऊ लागली. प्रत्येक प्रकरण व्हॉल्व्हपासून सुरू होते.

याचे कारण नोंदवून ठेवतो. नव्या इमारतीत बिल्डरच्या प्लंबरने नळजोडणी उलटी केली. परिणामी प्रत्येक घराचा पाण्याचा व्हॉल्व्ह स्वतःच्या दाराशी नसून शेजारच्या दाराशी असलेल्या कपाटात आहे, आणि त्या कपाटाची किल्ली शेजाऱ्याकडे असते. नवा माणूस आला की त्याचा व्हॉल्व्ह बंद असतो, आणि तो स्वतःच्या घरात शोधत बसतो. हे इतके विलक्षण आहे की ते सांगितल्यावाचून कोणालाच राहवत नाही. 'व्यायाम व मैदान' या प्रकरणाचे पहिले वाक्य: "नव्या इमारतीतील रहिवाशांनी प्रथम शेजाऱ्याकडून व्हॉल्व्ह उघडून घ्यावा." केमिस्टबाईंच्या 'आजारपण' या प्रकरणातही तेच.

त्यांना दुकानात गाठून विचारले, "औषधांच्या प्रकरणात व्हॉल्व्हचे काय काम?"

"गोळी कशाने घेणार? थुंकीने?"

दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती. मी खोकल्याच्या गोळ्या घेऊन निघालो.

३० जानेवारी, गुरुवार

व्हॉल्व्हची पुनरुक्ती सर्व प्रकरणांतून वगळली. सायंकाळी पाहतो तो सर्व प्रकरणांत पुन्हा आलेली. पुन्हा वगळली. जेवण होईपर्यंत 'व्यायाम व मैदान' मध्ये ती ठळक अक्षरांत अवतरली होती.

लेखक, निवृत्त ड्रिल मास्तर, नव्या इमारतीतच राहतात. त्यांना फोन केला. त्यांना फोनची गरज नसते. खिडकी उघडी असती तरी ऐकू आले असते.

"साहेब, मी चाळीस वर्षं पोरांना कवायत शिकवली. एकदा सांगून कोणी उजवीकडे वळत नाही!"

"वाचणारी माणसे मोठी आहेत, मास्तर."

"मोठी तर मुळीच वळत नाहीत!"

अखेर फाइलमधील लेखनाचे अधिकार माझ्यापुरते मर्यादित केले. इलाज नव्हता.

१ फेब्रुवारी, शनिवार

ताई आली. सामान थोडे, सूचना भरपूर. तिचे घर तिसऱ्या मजल्यावर, नेमके ड्रिल मास्तरांच्या शेजारी. याला माझा इलाज नाही.

मार्गदर्शिकेचा कच्चा मसुदा बांधून, प्रत्येक प्रकरणाला रंगीत पट्टी लावून, मी तिच्या हाती दिला. तिने तो हातात तोलून पाहिला.

"केवढं रे हे, मुनीमजी! मी महिनाभर राहायला आलेय, परीक्षेला बसायला नाही."

"वाचायचे नाही, ताई. पाहिजे ते काढायचे. पाणी प्रकरण चार, निळी पट्टी."

"आणि तू कुठल्या पट्टीत आहेस?"

"मी दोन इमारती सोडून आहे."

"ते माहितीय मला," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, सौ. आणि ती दोघी हसू लागल्या.

आमच्याकडेच जेव, राहायलाही आमच्याकडेच ये, असे सुचवून पाहिले. जेवली, राहायला नकार दिला. "तुमच्या घरात मला उशीसुद्धा सरळ ठेवावी लागते." मसुदा तिच्यापाशी आहे. तिला अडचण येणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

अडचण आली.

सकाळी साडेनऊला ताईचा फोन. आवाज विलक्षण शांत. लहानपणी मी तिची बाहुली धुऊन वाळत घातली होती, तेव्हा हाच आवाज होता.

"तुझ्या पुस्तकातून बोलतेय. भरून ठेवलेली बादली संपली आणि नळाला पाणी नाही. प्रकरण चार काढलं. लिहिलंय, व्हॉल्व्ह कपाटात आहे, कपाटांसाठी पाहा प्रकरण नऊ. नऊ काढलं. लिहिलंय, किल्ली शेजाऱ्यांकडे, शेजाऱ्यांसाठी पाहा प्रकरण बारा. बारा काढलं. त्यात काय लिहिलंय सांगू?"

मला आठवत होते. ते मीच लिहिले होते.

"'पाण्यासंबंधी शेजाऱ्यांना त्रास देऊ नये, पाहा प्रकरण चार.' दोनदा फिरले रे मी. डोक्याला शिकेकाई लावून."

मी तत्काळ निघालो. पोहोचेपर्यंत पाणी सुरू झाले होते. ताई डोक्याला टॉवेल गुंडाळून ड्रिल मास्तरांच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसली होती आणि मास्तरांच्या पत्नी डोळे पुसत होत्या. मला वाटले, काही दुःखद घडले. त्या हसत होत्या. माझ्यासमोर तिसऱ्यांदा सगळी कथा झाली, अभिनयासह. बाहुलीचीही झाली.

"साहेब," ड्रिल मास्तर म्हणाले, "ह्याला आम्ही 'गोल फिर' म्हणायचो."

चूक संपूर्णपणे माझी आहे. प्रत्येक माहिती एकाच ठिकाणी ठेवताना ती त्या एका ठिकाणी तरी राहते की नाही, हे तपासायचे राहून गेले. कार्यालयात माझ्या हाताखालच्या माणसाने असे केले असते तर त्याला मी पुन्हा नीट समजावले असते, आणि तो दिवसभर माझ्याशी बोलला नसता.

५ फेब्रुवारी, बुधवार

भाच्याचा फोन. "मामा, आई बरी आहे ना? एकटी वाटते का?"

पाण्याचा प्रश्न सुटला असून चार, नऊ व बारा या प्रकरणांची फेररचना चालू असल्याचे कळवले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "मामी आहे का जवळ?"

९ फेब्रुवारी, रविवार

सुधारित मसुदा घेऊन ताईकडे गेलो. आता व्हॉल्व्हची संपूर्ण माहिती प्रकरण चारमध्ये, आकृतीसह आहे. कपाटाच्या जादा किल्ल्या करवून प्रत्येकाने आपापली ठेवावी, म्हणजे शेजाऱ्याकडे जाण्याचे कारणच उरणार नाही, असा प्रस्तावही जोडला आहे. मला तो अत्यंत समाधानकारक वाटला.

ताईने चष्मा लावून सगळे वाचले. मग चष्मा काढला.

"म्हणजे आता कोणाचं दारच ठोठावायचं नाही?"

"तोच तर उद्देश आहे."

"मग मी घर कशाला बदललं? त्या घरात वर्षभर तेच केलं की. सगळं माहीत होतं मला तिथलं. कोणाला काही विचारायची गरज नव्हती. दूधवाल्याशी बोलले की दिवसाचं बोलणं संपलं."

हा मुद्दा प्रकरणांच्या रचनेशी थेट संबंधित नसल्याने मी तो टिपून घेतला नाही. परतताना मात्र जिना उतरून पुन्हा वर गेलो आणि तिला विचारले की उद्यापासून रोज सायंकाळी येत जाऊ का.

"ये की. पण आधी फोन कर, मी घरी असेन की नाही सांगता येत नाही."

हे विधान त्या वेळी मला अतिशयोक्त वाटले.

१६ फेब्रुवारी, रविवार

अतिशयोक्त नव्हते. या आठवड्यात गेलो तेव्हा तेव्हा दाराला कुलूप. एकदा मास्तरांच्या पत्नीबरोबर मैदानावर फेऱ्या मारीत होती. एकदा केमिस्टबाईंच्या दुकानात, काउंटरच्या आतल्या बाजूला, स्टुलावर बसून गिऱ्हाइकाला सांगत होती, "जेवणानंतर घ्या बरं, उपाशीपोटी नाही," जणू पदवी घेऊन आली आहे. काल चौथ्या मजल्यावर, नव्या जोडप्याच्या शेजारच्या दाराशी सापडली. त्यांचा व्हॉल्व्ह उघडून देत होती. शेजाऱ्यांनी गावी जाताना सोपवलेली किल्ली तिच्या पदराला होती.

"आकृती दिली आहे ना त्यांना?" मी विचारले.

"दिलीय. छान आहे. भिंतीवर लावलीय त्यांनी. चित्र समजून."

तिच्या दिनक्रमात काही सुसूत्रता राहिलेली नाही. भाच्याला हे कळवावे की नाही, याबद्दल साशंक आहे. तो काळजी करील.

स्वतःबद्दलही साशंक आहे. आज अनोळखी माणसाच्या भूमिकेतून मसुदा उघडून पाहिला. समजा, मी पहिल्याच संध्याकाळी सामानाच्या खोक्यांमध्ये उभा आहे. मला दिवे, पाणी, जेवण आणि झोप एवढेच हवे आहे. हे मला अनुक्रमे प्रकरण सहा, चार, अकरा व चौदा यांत मिळाले, आणि 'झोप' मध्ये गाद्या उचलून आणण्यासाठी लिफ्टच्या वेळा पाहा असे होते. प्रकरण एक होते 'सोसायटीची स्थापना व उद्दिष्टे'. ते उत्तम लिहिलेले आहे. पण खोक्यांमध्ये उभ्या असलेल्या मला ते वाचावेसे वाटले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

सौ.ला विचारले, "माझी रचना चुकते आहे का?"

ती म्हणाली, "चुकत नाहीये. दुकानाच्या फडताळासारखी आहे. सगळं जागेवर. पण फडताळ काय, दुकानदारालाच पाठ असतं हो."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

न मागता ताईने एक प्रकरण लिहून पाठवले आहे. क्रमांक नाही, उपशीर्षके नाहीत. शीर्षक, 'पहिली संध्याकाळ'. काही भाग येथे उतरवून ठेवतो, कारण उद्या चर्चेत लागेल:

"तुम्ही आलात. बरं झालं. खोकी राहू द्या तशीच. आधी शेजारचं दार वाजवा. तुमच्या पाण्याची किल्ली त्यांच्याकडे आहे आणि त्यांच्या पाण्याची उद्या तुमच्याकडे येणार आहे, त्यामुळे लाजू नका. ते चहा घ्या म्हणतील. घ्या. नको म्हणालात तर त्यांना वाटेल तुम्ही शिष्ट आहात. उजवीकडचा नळ गरम पाण्याचा आहे, डावीकडचा नाही. हे मी पुढेही सांगणार आहे कारण तुम्ही विसरणार आहात. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर जरा थांबते. बिघडलेली नाही, तिची सवय आहे. आपण एकटेच आत असलो की भीती वाटते. वाटू द्या, आतून मोठ्यांदा हाक मारा, वरून ड्रिल मास्तर उत्तर देतात. रात्री घर फार शांत वाटलं तर खिडकी उघडी ठेवा. पलीकडच्या इमारतीत माझ्या भावाच्या घरात दिवा असतो. तो उगाचच काहीतरी मोजत बसलेला असतो, पण दिवा असतो."

व्हॉल्व्ह चार वेळा आला आहे. उजव्या नळाची सूचना तीनदा. शिवाय मी काहीही मोजत नसतो. मसुदा तपासत असतो. आणि मध्ये दोन इमारती असताना आमची खिडकी तिच्या घरातून दिसत नाही, असा माझा समज होता. आज जाऊन खात्री करून घेतली. स्वयंपाकघरातून, कोपऱ्यातून, दिसते.

व्याकरणाच्या दोन दुरुस्त्या केल्या. बाकी तसेच ठेवले आहे, तूर्त.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बैठकीत ताईचे प्रकरण केमिस्टबाईंनी मोठ्याने वाचले. लगेच प्रत्येकाला कंठ फुटला. आता म्हणे अख्खी मार्गदर्शिकाच अशी असावी: पहिली संध्याकाळ, पहिला आठवडा, पहिले आजारपण, पहिले भांडण. प्रत्येक ठिकाणी जे लागेल ते पुन्हा सांगायचे आणि शेवटी कोणाचे दार वाजवायचे तेही.

मी विषयवार रचनेची बाजू मांडली. दुसऱ्या वर्षी पाण्याची वेळ बदलली तर ती सतरा ठिकाणी बदलावी लागेल, हे निदर्शनास आणले.

"बदलू की," ताई म्हणाली. "बसू चार जणं. तेवढाच वेळ जातो."

निर्णय दोन मार्चच्या सर्वसाधारण सभेत मतदानाने होईल. त्याच दिवशी भाचा यायचा आहे. तारखांचा हा गोंधळ मी टाळायला हवा होता.

२६ फेब्रुवारी, बुधवार

भाच्याने खोलीला रंग दिला आहे. फिका पिवळा, आईच्या आवडीचा. मुलगा गुणी आहे; त्याच्याबद्दल तक्रारीला जागा नाही, आणि यामुळेच प्रश्न अवघड झाला आहे. "मामा, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकते ती," असे तो म्हणाला. हे कोणत्या आधारावर म्हणाला ते कळले नाही.

ताई इथेच राहिली तर उत्तम, अशी माझी भूमिका आहे. ती मांडण्याचा अधिकार मला आहे असे मात्र वाटत नाही. तिच्या मनात काय आहे हे विचारायला म्हणून गेलो आणि तासभर लिफ्टच्या वेळांवर बोलून आलो. निघताना ताई फक्त म्हणाली, "रविवारी पडणार आहेस हां तू मतदानात. मी मोजलीयत डोकी."

"बघू."

"बघच."

सौ.ने विचारले, "बोललात का?" मी म्हणालो, "प्राथमिक चर्चा झाली." सौ.ने कपाळावर हात मारला.

२ मार्च, रविवार

आजच्या सभेचे इतिवृत्त अधिकृत वहीत यायचेच आहे. तरी जे तिथे येणार नाही ते येथे लिहितो.

सभा साडेदहाला सुरू झाली. ताई पहिल्या रांगेत, मास्तरांच्या पत्नी आणि केमिस्टबाईंच्या मध्ये. मी विषयवार रचनेच्या बाजूने, मला वाटते, चांगले बोललो. जुन्या इमारतींतील मंडळींनी माना डोलावल्या. मग ताई उठली.

"माझा भाऊ म्हणतो ते खरं आहे. त्याच्या पुस्तकात काही सापडलं नाही असं होत नाही. फक्त माणूस सापडत नाही. मला पहिल्या दिवशी पाणी हवं होतं असं वाटलं होतं मला." एवढेच बोलून ती बसली. मास्तर एकटे टाळ्या वाजवू लागले, पण ते एकटे पुरेसे असतात.

हात वर करून मतदान झाले. केमिस्टबाईंनी दोनदा मोजले. माझ्या बाजूच्यापेक्षा विरुद्ध बाजूचा एक हात जास्त भरला. निकाल जाहीर करण्यासाठी त्यांनी तोंड उघडले आणि त्याच क्षणी मला आठवले की तात्पुरत्या भाडेकरूंना मताचा अधिकार नाही. फक्त कायम रहिवाशांना आहे. नियम सहा. मी उभा राहिलो आणि हरकत घेतली.

सौ. माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती की मला वाटले, शर्टाची गुंडी चुकली असावी.

"अहो, सख्ख्या बहिणीचं मत बाद करताय?" मास्तर ओरडले.

"मी नियम सांगतो आहे, मास्तर. बहीण असो वा कोणी."

केमिस्टबाईंनी नियमांची पुस्तिका उघडून पाहिली. "आहे खरं," त्या हळू म्हणाल्या. "ताई, तुमची नोंद महिन्यापुरती आहे. समसमान होतंय मग."

ताईचा हात अजून वरच होता. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. लहानपणी पत्त्यांत मी तिची चोरी पकडली की अशी पाहायची.

"मग कायमची लिहा," ती म्हणाली.

"नक्की का?" केमिस्टबाईंनी विचारले. "म्हणजे, आत्ता घाई नाही..."

"अहो लिहा ना पटकन. हात भरून आला माझा."

दारात कोणीतरी खाकरले. भाचा उभा होता, हातात गाडीची किल्ली. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"आई? म्हणजे काय हे?"

"म्हणजे तू बस आधी. त्या बाकावर सरक थोडा, मामीशेजारी. अजून एक विषय आहे, पार्किंगचा, तो झाला की जेवायला जाऊ. आणि खोलीचा रंग मला बघायचाय हं, सुट्टीत येईन चार दिवस." मग केमिस्टबाईंकडे वळून, "लिहिलंत?"

भाचा बसला. सौ.ने त्याला पाण्याची बाटली दिली. त्याने माझ्याकडे पाहिले, आईकडे पाहिले, आणि हळूहळू हसायला लागला. त्याचे हसणे थेट मेहुण्यांसारखे आहे, हे पूर्वी ध्यानात आले नव्हते.

तोंडी नोंद वैध ठरणार नाही, लेखी अर्ज व सही हवी, हे संपादक नव्हे तर सभासद या नात्याने मला सांगावेच लागले. ताईने सही केली. कागदाखाली आधाराला तिने माझा मसुदा घेतला. त्यानंतर मत ग्राह्य धरण्यात आले आणि माझी रचना एका मताने फेटाळली गेली. सतरा ठिकाणी व्हॉल्व्ह येणार. प्रकरण एक, 'पहिली संध्याकाळ'. 'स्थापना व उद्दिष्टे' परिशिष्टात.

जेवायला सगळे आमच्याकडे होते. बोलण्याच्या गडबडीत कोणाच्या तरी हातून उशा वेड्यावाकड्या झाल्या; तशाच आहेत.

सर्व मंडळी गेल्यावर सौ. म्हणाली, "हरकत मुद्दाम घेतलीत ना तुम्ही?"

मी सांगितले की नियम सहा स्पष्ट आहे, आणि हरकत न घेणे ही कर्तव्यात कसूर झाली असती. तिचा यावर विश्वास बसलेला दिसत नाही. तिचे असेही म्हणणे आहे की सभेहून परत येताना, स्वतःची रचना साफ पडलेली असताना, मी जिन्यात शीळ घालत होतो. मला तसे स्मरत नाही. तिने आग्रह धरला म्हणून नोंद केली.